बी तुमचं, मोजायचंही तुम्हीच

विज्ञानाच्या सरांना आपल्या गावात सगळे गुर्जीच म्हणत. बी उगवतं की नाही ते कसं तपासायचं, हे ते आम्हा पोरांना शिकवू लागले, तेव्हा पालकसभेत एकदा आमच्या गल्लीतले आबा तावातावाने उठले, "लेकरांला पुस्तक शिकवा गुर्जी, शेती आम्हाला येती." गुर्जी म्हणाले, "खरं आहे आबा, म्हणूनच तुमची मदत पाहिजे. घरच्या ज्वारीचं मूठभर बी द्या, आणि मोजायलाही तुम्हीच या."

आबा आले. शंभर दाणे त्यांनीच मोजून ओल्या बारदानावर मांडले, त्यांनीच गुंडाळी केली. काही दिवसांनी उघडून पाहिलं, तर बरेच दाणे तसेच पडलेले. आम्ही पोरं गुर्जींकडे बघू लागलो. गुर्जींनी एवढंच विचारलं, "आबा, आता काय करावं म्हणता?" आबा बराच वेळ दाणे चाळवत राहिले, मग म्हणाले, "बी बदलावं लागंल." त्या साली पारावर बसून ज्याला त्याला बी तपासायला सांगत होते ते आबाच!

आज मी औसा तालुक्यात सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचं नाव कृषी सहायक) आहे. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, वाद मात्र तोच. कुणी म्हणतो घरचं बी उगवतच नाही, कुणाला घरचंच खात्रीचं वाटतं. सोयाबीनच्या दाण्याची साल नाजूक. मळणीत मार बसला, पोत्यांची थप्पी उंच लागली की उगवण घटते. हे मी भाषणात सांगत नाही. शेतकऱ्याच्याच ओसरीवर बारदान भिजवतो. घरातल्या बायकांना आवर्जून बोलावतो, कारण पोती कुठं ठेवली, ओल कधी लागली, हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. शंभरातले सत्तर उगवले तर एकरी 30 किलो बी पुरतं. साठच उगवले तर 35 किलो लागतं. हा हिशेब शेतकरी स्वतःच करतो. चार माणसांत खोटं पाडलेला माणूस पटलं तरी कबूल करत नाही, हे मी शिवारात पुष्कळदा पाहिलंय. दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर असलेल्या माणसाशी वाद जिंकून मला काय मिळणार?

शाळेला माझी एक विनंती आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी, मुलांकडून घरोघरचं सोयाबीन मागवून ही तपासणी करावी. बारदान मी आणीन, दिवसभर थांबेनही. एप्रिलमध्ये निकाल कळला, तर बी बदलायला मिरगापर्यंत वेळ मिळतो.