आमची वाटचाल : स्लॅबखालची मोजणी

फोंड्यात गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगची कामं घ्यायला लागलो तेव्हा आम्ही तिघंच होतो. मी, धाकटा भाऊ आणि एक गवंडी. पुढे उष्णतारोधक बोर्डांची कामं आली. २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या सरकारी ऊर्जा-नियमांत, छताची यू-व्हॅल्यू (छतातून किती उष्णता जाते तो आकडा, जितका कमी तितका बरा) १.२ च्या आत हवी. ५० मिलीमीटरचा एक्सपीएस, म्हणजे दाट फोमचा, बोर्ड घातला की आमच्या हिशेबात ती अर्ध्यावर यायची. तो कागद गिऱ्हाइकाच्या हाती दिला की काम संपलं, असं आम्ही धरून चालायचो.

मग डिचोलीच्या एका घरातून ऐन मे महिन्यात काकूंचा फोन आला. "भाऊ, पंखा लावला की आग ओकतो."

गेलो. दुपारी तीनला स्लॅबला हात लावला. खोलीच्या मध्यभागी कोमट, टाकीच्या खांबाखाली मात्र चटका. वर फोडून पाहिलं तर खांबाभोवती चार बोटं बोर्डच नव्हता, नुसता माल भरलेला. कठड्याच्या कडेलाही तेच. शिवाय पावसात उघड्या राहिलेल्या स्क्रीडमध्ये, म्हणजे वरच्या सिमेंटच्या थरात, पाणी मुरलं होतं. माणसं आमचीच होती. दुरुस्ती आम्ही पदरच्या पैशांनी केली, पण काकूंचा तो उन्हाळा गेला तो गेलाच.

पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणाऱ्या एका गोवेकराचं इथलं घर केलं. तिकडच्या त्याच्या नव्या घरातली ऊब कागदात लिहिल्यापेक्षा लवकर निघून जायची. त्याच्यामुळे मी इंग्लंडमधल्या चाचण्यांबद्दल वाचलं. हिवाळ्यात रिकामं घर विजेच्या हीटरनी आठवडा-दोन आठवडे साधारण २५ अंशांवर ठेवतात आणि किती वीज लागली ते मोजतात. यॉर्कच्या एल्म ट्री म्यूजमध्ये उष्णता अंदाजापेक्षा ५४ टक्के जास्त बाहेर जात होती. भिंतींत लाकूड हिशेबापेक्षा जास्त, खिडक्या सांगितल्यापेक्षा कमी दर्जाच्या, आणि शेजाऱ्यांमधली जी पोकळ भिंत हिशेबात शून्य धरलेली, तिच्यातूनही उष्णता निसटत होती. वाचताना मला आमचा टाकीचा खांबच दिसत होता.

ती चाचणी गोव्यात जमत नाही. आतबाहेरच्या तापमानात तेवढा फरकच नसतो, त्यात ऊन. म्हणून फॉल्स सीलिंग चढण्याआधी आम्ही थर्मल कॅमेऱ्याने सगळा स्लॅब पाहतो आणि आठवडाभर सेन्सर लावून ठेवतो. पांढऱ्या रंगाच्या गच्च्या पावसाळ्यानंतर पुन्हा बघतो, कारण शेवाळ धरलं की नव्या रंगाचा ऊन परतवण्याचा आकडा उरत नाही. यात वेळ जातो, काही बिल्डर वैतागतात, दोघांनी कामं काढूनही घेतली.

गवंडी मात्र आता खांबाभोवतीचा सांधा बुजवण्याआधी फोन करतो, "शेठ, बोर्ड लावलाय, बघून जावा."