बोएदोतील ११ डिसेंबर

नोकरीनिमित्त ब्यूनोस आयर्समध्ये राहत असताना बोएदो भागातील ज्या लहानशा टँगो शाळेत मी जात असे, तिचे वार्षिक संमेलन ११ डिसेंबरला भरत असे. गायक कार्लोस गार्देल आणि वाद्यवृंदप्रमुख हुलिओ दे कारो या दोघांचाही तो जन्मदिवस असल्याने अर्जेंटिनात तो राष्ट्रीय टँगो दिन म्हणून पाळला जातो. तिकडे तो उन्हाळ्याचा महिना, त्यामुळे रस्त्याकडची दारे सताड उघडी असत आणि शेजारपाजारची वृद्ध मंडळी हक्काने आत येऊन बसत. नव्या विद्यार्थ्यांचे नाच, एम्पानादा (सारण भरलेल्या करंज्या), वाइन हे सारे यथासांग होई. मला मात्र ओढ असे ती मध्यरात्रीनंतर नाच थांबवून केवळ गिटारच्या साथीने गाणी म्हटली जात, त्या बैठकीची.

पहिल्या गाण्याचा मान ठरलेला होता. पास्क्वाल कोन्तुर्सी यांनी लिहिलेले आणि गार्देल यांनी १९१७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘मी नोचे त्रिस्ते’, म्हणजे ‘माझी उदास रात्र’, हे टँगोच्या विरहगीतांचे आद्य गाणे मानले जाते. जिवलग प्रिया ज्याला सोडून गेली आहे असा त्यातला पुरुष खोलीतल्या वस्तूंविषयी बोलत राहतो: गिटार कपाटात तशीच टांगलेली आहे, आरसा धुरकटला आहे, दिव्यालाही तिची उणीव जाणवली आहे, माते या पेयासोबत खायची बिस्किटे तो अजून आणतो आणि ती परतेल या आशेवर रात्री दार लावत नाही. विरहिणींच्या गाण्यांवर वाढलेल्या माझ्या मराठी कानांना वाट पाहणारा हा पुरुष नवा होता आणि तो मला फार जवळचा वाटला. इटली आणि स्पेनमधून बोटीने आलेल्या स्थलांतरितांत एकट्या पुरुषांचा मोठा भरणा असलेल्या त्या शहरात, प्रियेच्या आठवणीत सुटलेल्या गावाची आठवणही मिसळली असणार, असे मला आजही वाटते.

एन्रिके कादिकामो यांचे ‘लोस मारेआदोस’, म्हणजे ‘झिंगलेले’, हे गाणेही हमखास होई. १९४३ नंतरच्या लष्करी राजवटीत रेडिओवरील बोलीभाषेवर निर्बंध आले, तेव्हा या गाण्याला नाव आणि शब्द बदलावे लागले होते. संमेलनात मात्र मूळ शब्दच म्हटले जात.

सर्वांत अधिक रंगत असे ते ओमेरो मान्सी यांचे, आनीबाल त्रोइलो यांनी संगीत दिलेले १९४८ मधील ‘सूर’, म्हणजे ‘दक्षिण’. सान हुआन आणि बोएदो या रस्त्यांच्या ज्या कोपऱ्यापासून ते गाणे सुरू होते, तो शाळेपासून चालत जाण्याजोगा होता. लोहाराचा कोपरा, चिखल, पोम्पेया या शहरातल्याच वस्तीपलीकडचे पुराचे पाणी आणि चुंबनाने थरथरणारी विशीतली मुलगी हे सगळे त्यात एकत्रच हरवते. वस्ती बदलली आणि प्रेमही गेले, यांत कवी भेद करत नाही. म्हणूनच मला ते सर्व टँगोगीतांत श्रेष्ठ वाटते. पहिल्या ओळीपासून सारे सभागृह त्यात सूर मिसळी आणि शेवटच्या कडव्यापर्यंत अनेकांचे गळे दाटून येत. त्यानंतर एदमुंदो रिवेरो यांच्या आवाजातील त्याच गाण्याची तबकडी लावली जाई, डोळे पुसलेली माणसे जोडीदार शोधून उठत, आणि मग पहाटेपर्यंत नाच चाले.