रेडिएटरमधून निघालेलं गढूळ पाणी

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येत होतो, दुपारची वेळ, एसी फुल्ल, मागे आई बसलेली, आणि खंबाटकीच्या चढाला अर्ध्या वाटेत लक्षात आलं की टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवर नाहीये, अर्ध्याच्या वर जाऊन पुढे सरकतोय. गाडी २००८ ची वॅगनआर, आमच्या घरातली पहिली गाडी, बाबांनी घेतलेली, आणि तिचा काटा मी आजवर कधी हललेला बघितला नव्हता. लगेच एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल्ल, आईला म्हटलं खिडक्या उघड आणि दहा मिनिटं सोस. मे महिन्यात हीटर लावणं म्हणजे शिक्षाच, पण हीटरच्या आत पण एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, त्यामुळे थोडी उष्णता तिकडून बाहेर निघते. काटा थांबला. घाटमाथ्यावर बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, तेवढ्यात एक बाइकवाला पाण्याची बाटली घेऊनच आला, "दादा, झाकण काढा, पाणी टाकू". माणूस चांगल्या मनाने आलेला, पण त्याचा हात धरून थांबवला. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडलं की आत दाबाखाली असलेलं पाणी एका झटक्यात वाफ होऊन तोंडावर येतं, आणि थोडंथोडकं भाजत नाही. पाऊण तास थांबलो, मग रिझर्व्ह बॉटलमध्ये, म्हणजे रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत, पाणी टाकून हळूहळू घरी.

पुढच्या रविवारी ठरवलं, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात ते द्रव, पूर्ण काढायचं आणि नवीन भरायचं, घरीच.

सकाळी लवकर काढलं काम, रात्रभर गाडी उभी होती म्हणजे इंजिन एकदम थंड. झाकणावर जाड फडकं ठेवून ते दाबून फिरवलं, खाली घमेलं सरकवलं आणि रेडिएटरच्या तळाशी जो प्लास्टिकचा ड्रेन प्लग असतो तो हाताने सोडायला लागलो. हा प्लग जुन्या गाडीत फार ठिसूळ झालेला असतो, पक्कडीने जोर लावला तर कान तुटून हातात येतात, मग रविवार गेलाच समजा. हाताने हलत नसेल तर सरळ खालचा मोठा पाइप क्लॅम्प ढिला करून काढायचा, पाणी भसकन येतं पण काही तुटत नाही. माझा प्लग हलला, आणि जे खाली यायला लागलं ते हिरवं नव्हतं, गुलाबी पण नव्हतं, गेरू कालवल्यासारखं तांबूस गढूळ पाणी. घमेल्याच्या तळाशी गाळ बसला, बोटाने चोळला तर वाळूसारखी कचकच.

तांबूसपणा म्हणजे आतल्या लोखंडी भागाचा गंज, आणि ती कचकच म्हणजे क्षार. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीत दोन दिवस ठेवलं तरी कडेला पांढरी रेघ उमटते, गिझरची कॉइल काढली तर चुन्याचा लेप. तेच पाणी वर्षानुवर्षं ह्या गाडीत जात होतं. बाबा दर महिन्याला बॉनेट उघडायचे, बॉटल कमी दिसली की नळाचं पाणी, आणि ते हे सगळं मनापासून काळजी म्हणून करायचे, गाडी पुसायचे तशीच. मध्ये एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिलेली तेव्हा बिलात कूलंट लावलेलं होतं, ते बिल माझ्याकडे अजून आहे, पण जे खाली आलं त्यात कूलंटचा रंग पण नव्हता. मला राग आला तो त्याचाच.

शेजारचे काका आले तेवढ्यात. काकांनी वीस-बावीस वर्षं कराड लाइनला वडाप, म्हणजे शेअर जीप चालवलीय, गाड्यांतलं त्यांना माझ्यापेक्षा खूप कळतं. घमेल्यात बघून म्हणाले, "आरं, आम्ही जन्मभर पाणीच घातलं की, काय झालं नाय. आपल्याकडं काय बर्फ पडतंय व्हय?" हा प्रश्न मला आजवर दहा जणांनी विचारलाय, आणि प्रश्न बरोबर आहे, कारण कूलंटला पूर्वीपासून अँटीफ्रीझच म्हणतात. पण काकांच्या जुन्या जीपचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. चोंदला तर रेडिएटरवाल्याकडे नेऊन टाकी उघडायची, आतून सळई मारून नळ्या साफ करायच्या, परत डाग द्यायचा (सोल्डर करायचं), झालं नवीन. आताच्या गाड्यांचा रेडिएटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या बारीक चपट्या नळ्या आणि वरखाली प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या, त्याला सळई मारता येत नाही आणि डाग देता येत नाही, गेला की बदलायचा. आणि ॲल्युमिनियमला नळाच्या पाण्यातलं क्लोराइड आतून टोचून टोचून खातं.

म्हणून कूलंट. त्यात मुख्य एथिलीन ग्लायकॉल असतं आणि थोड्या प्रमाणात गंज रोखणारी रसायनं, आणि आपल्यासारख्या गरम मुलखात खरी किंमत ह्या रसायनांची आहे. ती कालांतराने संपतात, म्हणून रंग छान दिसत असला तरी बदलायचं असतं. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं, आताचं लाँग लाइफवालं पाच वर्षांपर्यंत, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघायचं. उष्णता वाहून न्यायला खरं तर निव्वळ पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे, त्यामुळे जास्त कूलंट टाकलं की गाडी जास्त थंड राहील हे चूक. पण निव्वळ पाणी १०० अंशांना उकळतं, निम्मं ग्लायकॉल निम्मं पाणी केलं की १०६ च्या आसपास, आणि वर दाबाचं झाकण असलं की हेच मिश्रण १२० च्या वर गेलं तरी उकळत नाही. घाटात हेच अंतर कामाला येतं.

आणि म्हणूनच ते झाकण! रेडिएटरच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. खालचं रबर कडक झालं, चिरलं, की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बॉटलमधून बाहेर जातं. माझ्या कॅपचं रबर नखाने उचकटलं तर तुकडाच निघाला. नवीन कॅप त्याच आकड्याची आणली, जास्त आकड्याची घ्यायची नाही, जुन्या पाइपांवर ताण येतो.

धुण्याचं काम कंटाळवाणं आहे पण सगळा जीव त्यातच आहे. प्लग लावायचा, पाणी भरायचं, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू, वरचा पाइप गरम होईपर्यंत, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि परत सोडायचं. गरम ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडात, थंड पाणी कधीच ओतायचं नाही, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, बेंड होऊ शकतं. वरचा पाइप गरम होण्याचं महत्त्व असं की इंजिन आणि रेडिएटरमधली पाण्याची वाट उघड-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या आत मेण असतं, ते ८२-८८ अंशांच्या आसपास वितळून फुगतं तेव्हा व्हॉल्व्ह उघडतो, त्याच्या आधी रेडिएटरमधलं पाणी ब्लॉकमध्ये फिरतच नाही. मला चार वेळा करावं लागलं, रविवारी दोनदा आणि सोमवार-मंगळवार संध्याकाळी एकेकदा. पहिले दोन फिल्टरच्या पाण्याने, शेवटचे दोन डिस्टिल्ड पाण्याने. कोणीतरी सांगितलं कॉस्टिक सोडा टाक, सगळं निघून जाईल. निघून जाईल खरं, पण ॲल्युमिनियम पण जाईल, कृपा करून करू नका. रिझर्व्ह बॉटल काढून आईने मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून खळखळून दिली, लोणच्याच्या बाटल्या ती अशाच धुते, तळाचा सगळा थर सुटला. मग साध्या पाण्याने पाच-सहा वेळा विसळली.

आता भरताना एक गोष्ट, जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. खालून सोडलं तरी सगळं पाणी निघत नाही, ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच राहतं. त्यामुळे तुम्ही तयार मिश्रण भरलं तर आतल्या पाण्याने ते पातळ होतं, आणि तुम्हाला वाटतं निम्मं-निम्मं आहे पण असतं तिसरा हिस्सा. म्हणून शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने करायचं आणि मॅन्युअलमध्ये एकूण जेवढं मावतं लिहिलंय त्याच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आधी टाकायचं. समजा एकूण ४ लिटर, तर आधी २ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग वर जेवढं मावेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. कॅनवर रेडी टू यूज लिहिलंय का कॉन्सन्ट्रेट ते नीट वाचा, आणि रंगावर भरवसा ठेवू नका, हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, आत काय आहे ते लेबलवर आणि मॅन्युअलमध्ये असतं. कूलंटचं भारतीय मानक आयएस ५७५९ छापलंय का बघायचं. पाणी बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी मिळतं तेच डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी. घरचं आरओ चालणार नाही का, तर त्यात क्षार कमी असतात, शून्य नसतात. कूलंट, पाणी, कॅप धरून मला अकराशेच्या आत पडलं.

मग एअर, म्हणजे आत अडकलेली हवा काढणं. गाडी सोसायटीच्या रॅम्पवर तोंड वर करून लावली म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच, झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजिन आयडलला. वरचा पाइप हाताने दाबत राहायचं, बुडबुडे येतात. मग एकदम तो पाइप गरम लागतो, पातळी झपकन खाली जाते, तेव्हा भरायचं, तोंड मात्र लांब ठेवून. फॅन दोनदा लागून बंद झाला, बुडबुडे थांबले, हीटरमधून सलग गरम हवा आली, मग झाकण. इथे घाई करू नका, कारण एअर राहिली आणि टेम्परेचरचा सेन्सर हवेत असला तर काटा शांत दिसतो आणि हेड आत तापत असतं. काका हे सगळं होईपर्यंत खुर्ची टाकून बसले होते, पाइप कधी दाबायचा ते मला त्यांनीच सांगितलं.

आणि ते जुनं पाणी. माझ्या गाडीतून गंजाचं पाणीच जास्त निघालं, पण तुमच्या गाडीतून खरं कूलंट निघेल आणि ते चवीला गोड असतं, कुत्रं आवडीने चाटतं, मांजरही चाटतं आणि त्यांची किडनी जाते, लहान मुलांनाही तेवढंच विषारी. आमच्या बिल्डिंगखाली एक कुत्री पिल्लं घेऊन बसलेली, त्यामुळे घमेलं मी एक मिनिट पण जमिनीवर उघडं सोडलं नाही, सगळं कॅनमध्ये भरून, घट्ट झाकून, वर्कशॉपच्या वापरलेल्या ऑइलबरोबर जातं तिथे दिलं. सांडलेलं भरपूर पाण्याने धुतलं. गटारात ओतू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत बॉटलची पातळी दोन बोटं खाली गेलेली, म्हणजे राहिलेली हवा निघून रेडिएटरने तेवढं ओढून घेतलं, ते भरलं. बॉटलवर मार्करने तारीख आणि पातळीची रेघ मारलीय. प्लगखाली रोज रात्री पुठ्ठा ठेवतोय, आठ दिवस झाले, कोरडा आहे.