नागरिकत्व : पडताळणी बाकी

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते तेव्हा निवडणुकीची ड्युटी लागली की आम्ही शिक्षक कपाळाला हात लावायचो. आदल्या दिवशी तहसीलमधून साहित्य ताब्यात घ्या, एसटीनं डोंगरातलं गाव गाठा, शाळेच्याच वर्गात सतरंजीवर पडा आणि पहाटे एजंटांसमोर मॉक पोल घ्या. तेव्हा नको नको म्हणत केलेलं हे काम इथं अमेरिकेत मी अर्ज करून मागून घेते, याचं माझ्या नवऱ्याला अजून हसू येतं.

आम्ही राहतो जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला, फोर्साइथ कौंटीत. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण आकारानं तालुक्याएवढा. आपल्याकडं लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोग एकच. इथं प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आणि प्रत्यक्ष निवडणूक घ्यायची ती कौंटीनं. राष्ट्राध्यक्ष सगळ्या देशाचा, पण मतदाराचं ओळखपत्र कोणतं चालेल, रांगेतल्या माणसाला पाणी द्यायचं की नाही, हे राज्य ठरवणार. जॉर्जियाच्या २०२१ च्या कायद्यानं मतदान केंद्रापासून दीडशे फुटांच्या आत मतदाराला खायला-प्यायला देणं हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्यांदा प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला खरं वाटेना. आमच्याकडं मतदान केंद्रावर माठ नसला तर तक्रार होते.

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस होता ५ नोव्हेंबर २०२४. एका चर्चच्या हॉलमध्ये आमचं केंद्र. सातला दार उघडायचं, म्हणजे आम्ही पहाटेपासून हजर. मशीनची सिलं तपासली, शून्य मतांची पट्टी काढून सह्या केल्या आणि शपथ घेतली. माझ्याकडं पोल पॅड, म्हणजे मतदार यादीचा टॅबलेट, होता. मतदाराचं लायसन्स त्याच्यासमोर धरायचं, पडद्यावर नाव-पत्ता येतो, त्याची सही घ्यायची आणि मशीनमध्ये घालायचं कार्ड हातात द्यायचं. शेजारच्या टेबलावर हायस्कूलमधली एक सोनेरी केसांची मुलगी होती. इथं सोळा वर्षांची पोरंसुद्धा हे काम करू शकतात. राज्यात चाळीस लाखांवर लोकांनी आधीच मत देऊन टाकलेलं, त्यामुळं रांगा अशा नव्हत्याच.

आमच्या मॅनेजरबाई कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका. त्यामुळं आमचं पहिल्यापासून जमलं. मागच्या खोलीत, मतदारांपासून लांब, त्यांनी एक काचेची वाटी ठेवली होती, आल्याच्या गोळ्यांची. नवीन आलेल्या प्रत्येकाला त्या वाटी पुढं करत आणि म्हणत, "यूएसबी घ्या." ज्याला कळायचं तो हसायचा. २०२० मध्ये अटलांटात मतमोजणी करणाऱ्या रुबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकींवर ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांनी आरोप केला होता, की त्या मतं फिरवायला यूएसबी ड्राइव्ह एकमेकींकडं सरकवत होत्या. पुढं मुलीनं अमेरिकन संसदेच्या समितीपुढं साक्ष दिली : आईनं दिली ती आल्याची गोळी होती. तोवर दोघींना जिवे मारण्याच्या धमक्या येऊन गेल्या होत्या, आईला घर सोडून राहावं लागलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीनं जुलियानींना १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. ट्रम्प २०२० ची निवडणूक हरले होते जॉर्जियात ११,७७९ मतांनी, आणि त्यांनी राज्याच्या निवडणूक प्रमुखांना फोन करून ११,७८० मतं शोधा म्हणून सांगितलं होतं, ते रेकॉर्डिंग जगानं ऐकलं. एवढ्या मोठ्या माणसांच्या भांडणात बळी कोण, तर मतपत्रिका मोजणाऱ्या दोन कृष्णवर्णीय बायका. बाईंचा विनोद मला म्हणूनच आवडायचा आणि घशाखाली उतरायचाही नाही.

नऊच्या सुमारास एक गोरे आजोबा आले. माझं टेबल रिकामं होतं. त्या पोरीपुढं तीन माणसं. आजोबा तिच्या रांगेत उभे राहिले. पोरीला कळलं नाही. ती आपली उत्साहात म्हणाली, "सर, ते टेबल मोकळं आहे." आजोबा म्हणाले, "मी थांबतो." पुन्हा तिनं सांगितलं, पुन्हा त्यांनी तेच सांगितलं, आवाज न चढवता. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मी पॅडचा पडदा पुसत बसले, स्वच्छच होता तो.

मॅनेजरबाई हॉलच्या दुसऱ्या टोकाहून आल्या. घाई नाही की राग नाही. पोरीच्या पॅडवर हात ठेवून दक्षिणी, मधाळ आवाजात म्हणाल्या, "हनी, तू जरा पाणी पिऊन ये. हे मशीन थोडा वेळ बंद ठेवू." पुढच्या तिघांना त्यांनी माझ्याकडं वळवलं आणि चौथे आजोबा. त्यांनी लायसन्स माझ्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं. मी उचललं, स्कॅन केलं, सही घेतली. कार्डही मी टेबलावरच ठेवलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "मशीन मत बदलत नाही ना?" मी सांगितलं, कागद छापून येईल, त्यावर नावं वाचा आणि मगच स्कॅनरमध्ये घाला. ते खरंच उभं राहून बोट ठेवून एकेक नाव वाचत होते. मतदानाला एवढा मान देणारा माणूस मी कमी बघितलाय, हेही खरं.

दुपारी जेवताना बाईंना मी म्हटलं, तुम्ही हे इतक्या शांतपणे कसं करता. त्या म्हणाल्या, फोर्साइथमध्ये मी इथं खुर्चीवर बसलेय हेच माझं बोलणं. त्या अटलांटात वाढलेल्या. लहानपणी गाडीनं उत्तरेकडं जाताना त्यांचे वडील या कौंटीत पेट्रोललासुद्धा थांबत नसत.

आम्ही इथं घर घेतलं तेव्हा चांगल्या शाळा, मोठं अंगण, तलाव जवळ, एवढंच बघितलं होतं. इथली वस्ती इतकी गोरी का, हे कुणी विचारलं नाही. १९१२ च्या सप्टेंबरमध्ये एका गोऱ्या मुलीवर झालेल्या जीवघेण्या हल्ल्यावरून रॉब एडवर्ड्‌स नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाला कमिंग गावच्या चौकात जमावानं मारून टांगलं. आणखी दोन कोवळ्या पोरांना खटला चालवून फाशी दिली. मग रात्री घोड्यावरून फिरून, घरं नि चर्च पेटवून, कौंटीतल्या साऱ्या, म्हणजे सुमारे ११०० कृष्णवर्णीयांना हाकलून लावलं. जमिनी गेल्या त्या गेल्याच. पुढं पाऊणशे वर्षं इथं जवळपास कुणी परत राहायला आलं नाही. जानेवारी १९८७ मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स यांनी छोटा मोर्चा आणला तर त्यावर दगड-बाटल्या पडल्या. आठवड्यानं वीस हजार लोक आले आणि नॅशनल गार्डच्या सैनिकांच्या बंदोबस्तात चालले. त्या वीस हजारांत आमच्या मॅनेजरबाई होत्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या शिक्षिका. रस्त्याच्या कडेनं लोक काय काय ओरडत होते ते त्यांनी मला सांगितलं, इथं लिहिण्यासारखं नाही.

आता इथल्या अडीच लाखांवर वस्तीत पाचवा हिस्सा तरी आशियाई असेल, त्यात बहुसंख्य आपले. कृष्णवर्णीय पाच टक्क्यांच्या आसपास. ज्यांना हाकललं त्यांच्या रिकाम्या जागेवर कायद्यानं, पैसे मोजून, आपण येऊन बसलो. यात आपला दोष काही नाही. पण गणपतीच्या मंडपात बसून "हे लोक मागे का राहतात" अशी चर्चा होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तो चौक येतो.

जेवण होतंय तोवर फोनवर बातमी आली. शेजारच्या फुल्टन कौंटीत बॉम्बच्या धमक्या, युनियन सिटीतली दोन केंद्रं अर्धा तास रिकामी केली. युनियन सिटी म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. धमक्या खोट्या निघाल्या, त्यांचे ईमेल रशियन डोमेनवरून आल्याचं संध्याकाळपर्यंत कळलं. आमच्याकडं काही नव्हतं, तरी बाईंनी दाराजवळचे कोपरे स्वतः फिरून बघितले.

तीनच्या सुमाराला आमच्या मंडळाचे काका आले. ओळखू येईल असं काही लिहीत नाही. गणपतीत आरतीचं ताट ज्यांच्याकडं असतं असे बरेच काका आहेत. डोक्यावर ट्रम्प यांच्या प्रचाराची लाल टोपी. दारातल्या माणसानं सांगितलं की प्रचाराची टोपी आत चालत नाही. काकांनी हसत काढली, गाडीत ठेवून आले. सप्टेंबरमध्ये मंडपात याच काकांनी कमला हॅरिसवरून सगळ्यांना हसवलं होतं. जुलैच्या शेवटी शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांसमोर ट्रम्प म्हणाले होते की ती आधी इंडियन होती, अचानक ब्लॅक झाली. काकांनी त्याचा नकलेसह प्रयोग केला होता. बापाचा देश जमैका, आईचं माहेर चेन्नई, मुलगी दोन्ही असू शकते हे ज्यांच्या नातवंडांच्या वर्गात रोज दिसतं त्यांना त्यात विनोद वाटतो, हे मला अजून उमगलेलं नाही. ओबामांचा जन्मदाखला मागण्यापासून हे सुरू आहे. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षाला आपला दाखला जगाला दाखवावा लागला. २०२० मध्ये आमच्याच राज्यातल्या मेकनच्या सभेत सिनेटर पर्ड्यू "कमला" हे नाव मुद्दाम चघळून चघळून म्हणाले आणि लोक हसले. चार अक्षरंसुद्धा नाहीत त्या नावात.

काकांचं लायसन्स मी पॅडपुढं धरलं. नाव आलं, पत्ता बरोबर, आणि खाली सूचना : नागरिकत्वाची पडताळणी बाकी, मॅनेजरला बोलवा.

याची रीत अशी. लायसन्स काढलं तेव्हा काका ग्रीन कार्डावर होते. नंतर नागरिक झाले, मतदार नोंदणी केली, पण लायसन्सच्या नोंदीत ते अजून परदेशीच. दोन नोंदी जुळल्या नाहीत की नाव लटकतं. २०१८ मध्ये जॉर्जियात नोंदी अक्षराला अक्षर न जुळल्यामुळं ५३,००० अर्ज असेच अडकले होते, आणि त्यातले जवळपास ७० टक्के कृष्णवर्णीयांचे. त्या वेळी मंडपात कुणी त्यावर बोललं नव्हतं. अमेरिकन पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं सर्टिफिकेट दाखवलं की तिथल्या तिथं मत देता येतं. नसेल जवळ, तर तात्पुरती मतपत्रिका भरायची आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कागद नेऊन दाखवायचा.

बाईंनी त्यांना बाजूच्या टेबलावर नेलं, आवाज खाली ठेवून समजावलं. काकांनी लायसन्सच्या कोपऱ्यातला 'रिअल आयडी'चा तारा, म्हणजे ओळखीचे कागद तपासल्याची खूण, दाखवला. तो तारा ग्रीन कार्डवाल्यांनाही मिळतो, बाईंनी सांगितलं. काकांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "तू सांग हिला. ओळखतेस ना मला? मी काय बॉर्डर पोहून आलोय?"

"काका, मला कुणाला ओळखून चालत नाही इथं. पासपोर्ट घेऊन या, सातपर्यंत आहोत आम्ही."

"मुद्दाम करतेय ती. दारात टोपी बघितली माझी. ह्या लोकांचं असंच."

सूचना माझ्या पडद्यावर आली होती, बाईंनी टोपी बघितलीसुद्धा नव्हती. पण सकाळचे आजोबा माझ्याकडं बघत नव्हते तसे काका आता बाईंकडं बघत नव्हते. बाईंनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांनी फक्त तात्पुरत्या मतपत्रिकेचा फॉर्म पुढं सरकवला. काका म्हणाले, "तात्पुरता नागरिक नाहीये मी," आणि निघून गेले.

साडेसहापर्यंत माझं लक्ष दारावर. बाईंचंही असावं. दोनदा त्यांनी विचारलं, "युवर अंकल परत आला का?" पावणेसात झाले आणि काका आले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट, सर्टिफिकेट, विजेचं बिल, आणि का कोण जाणे, लग्नाचा दाखला. आपल्याकडच्या माणसाला एकाच कागदावर काम होईल यावर विश्वास नसतो. बाईंनी पासपोर्ट उघडला, नाव जुळवलं, सही केली आणि म्हणाल्या, "परत आलात याचा मला आनंद आहे, सर." काकांनी मान हलवली. मत दिलं, मतदान केल्याचं पीचचं स्टिकर घेतलं आणि छातीला लावलं.

सातला दार बंद. पट्ट्या छापल्या, एक दारावर चिकटवली, सिलांचे नंबर लिहिले, घरी पोचायला साडेनऊ झाले. रात्री एकच्या आसपास जॉर्जिया ट्रम्प यांच्या खात्यात गेल्याचं जाहीर झालं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज खुशीतला. लायसन्सची नोंद कुठं दुरुस्त होते ते विचारलं, मी ऑफिसचा पत्ता सांगितला. मग म्हणाले, "काल जरा तोल गेला. पण त्यांनी तपासलं ते बरोबरच केलं. आपल्यासारख्यांना थोडा त्रास होतो, पण खरे घुसखोर सापडतात ना."

"काल दिवसभरात आमच्याकडं फक्त तुमचंच नाव अडकलं, काका."

"बघ," काका म्हणाले, "म्हणजे बाकीचे घाबरून आलेच नाहीत."