तुम्ही विचारलंत म्हणून: दबणाऱ्या डेकला इंजेक्शन पुरेल का?

"बोटीच्या डेकवर, म्हणजे वरच्या चालायच्या पृष्ठभागावर, चालताना एका जागी पायाखाली दबतं. बारीक भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी (दोन द्रवं कालवून घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरलं तर भागेल ना?" जुनी फायबरग्लासची शिडाची बोट ज्यांनी ज्यांनी घेतली, ते आज ना उद्या मला हे विचारतातच. न्यू जर्सी-मेरीलँडकडची मराठी मंडळीही आता त्यात आहेत.

नाही भागणार. डेक उघडावाच लागेल.

1960 ते 80च्या काळातल्या बहुतेक बोटींचा डेक एकसंध नसतो. वर फायबरग्लासचा थर, खाली आणखी एक, आणि मध्ये अर्धा-पाऊण इंच जाडीचं हलकं लाकूड, बहुधा इक्वाडोरचा बाल्सा. काही बोटींत प्लायवूड असतं. बाल्साचे ठोकळे असे बसवतात की तंतू उभे राहतात. दोन्ही थर एकमेकांपासून दूर आणि तरीही लाकडाला घट्ट चिकटलेले, म्हणून इतका हलका डेक इतका ताठ राहतो. लाकूड कुजलं की दोन्ही थर सुटतात, आणि सुटा थर कोणाच्याही वजनाखाली वाकणारच.

पाणी शिरतं ते बोल्टच्या भोकांतून. लाइफलाइनचा स्टँशन घ्या, म्हणजे डेकच्या कडेने कठड्यासारखी ओढलेली तार धरून ठेवणारा उभा खांब. होडीतून बोटीवर चढणारा प्रत्येक जण त्याचंच वरचं टोक धरून अंग वर ओढतो. दोन फुटांची ती तरफ दर वेळी तळाचा सीलंट थोडा थोडा उचकटते. भोकाच्या कडेला लाकूड उघडंच सोडलेलं असलं, तर पुढचं काम पाऊस करतो. बाल्सात पाणी आडवं सहज पसरत नाही, पण डेकच्या गोलाईवर बसावा म्हणून तो लहान लहान ठोकळ्यांत कापलेला असतो. बांधताना ठोकळ्यांमधल्या फटी रेझिनने भरल्या नसतील, तर पाणी त्याच वाटेने फूट-दोन फूट सरकतं.

आता अशा ओल्या लाकडात इंजेक्शन दिलं तर काय होतं? इपॉक्सी पाण्याला बाहेर ढकलत नाही. जिथे आधीच पोकळी आहे तिथे ते धावतं आणि घट्ट होतं. शेजारचं भिजलेलं लाकूड तसंच राहतं, वर त्याची सुकायची वाटही बुजते. काही दिवस पाय ठेवला की कडक लागतं, आणि आतली कूज चालूच असते. पुढे डेक उघडणाऱ्याला चिखलही उपसावा लागतो आणि त्यात रुतलेले इपॉक्सीचे गोळेही फोडावे लागतात.

माझी बोट 1970च्या दशकात र्‍होड आयलंडमध्ये बांधलेली, तीस फुटी. उजव्या बाजूचा डेक दबत होता. फरशी पोकळ बसली आहे का ते गवंडी ठोकून ओळखतो, तसाच मी प्लास्टिकच्या हातोडीने तो सगळा भाग ठोकत गेले. चांगल्या जागी टणक, चढा आवाज. स्टँशनजवळ पोहोचल्यावर तोच आवाज बसका झाला. पेन्सिलने हद्द आखली. वरच्या थरापुरतीच खोली लावून गोल करवत फिरवली, पट्टी उचकटली, तेव्हा आत ओला तपकिरी चोथा होता आणि ओल्या मातीचा वास. बोटाने खरवडला तरी निघत होता. कूज पेन्सिलच्या हद्दीबाहेर गेलेली होती. ती जातेच, म्हणून कापताना हात आखडू नका. कोरडा, फिकट बाल्सा दिसेपर्यंत खरवडत राहायचं. वरची पट्टी मात्र जपून ठेवा, तीच परत बसवायची आहे.

मग सुकवणं. ताडपत्रीखाली पंखा लावून, लाकूड खरोखर कोरडं होईपर्यंत. इथे घाई केली तर सगळी मेहनत फुकट.

नवा बाल्सा बसवण्याआधी त्याला आणि खालच्या थराला नुसतं इपॉक्सी लावा. उभे तंतू ते भराभर पितात, त्यांना पिऊ द्या. मग सिलिका पावडर घालून चमचा उलटा केला तरी गळणार नाही इतकं घट्ट केलेलं इपॉक्सी पसरा, बाल्सा दाबून बसवा, फटी भरा, वर पुन्हा घट्ट इपॉक्सी आणि जुनी पट्टी. प्लास्टिक पसरून वाळूच्या पिशव्यांचं वजन ठेवा. हार्डनर, म्हणजे इपॉक्सी घट्ट होण्यासाठी त्यात कालवायचं द्रव, हळू घट्ट करणारा घ्या. बावीस अंशांना हळू हार्डनरही कपात साधारण वीस-पंचवीस मिनिटंच हाताशी राहतो, आणि कपात ढीग राहिला तर तापून आधीच घट्ट होतो. कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. मेरीलँडकडच्या चेसापीक उपसागरावर जुलैत हे काम काढू नका, एप्रिल-मे बरा.

कापलेल्या रेषेवर नुसतं फिलर भरून रंग देतात, ते मला अजिबात पटत नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंना बारास एक असा उतार घासा, म्हणजे तीन मिलिमीटरच्या थराला छत्तीस मिलिमीटर, आणि त्यात काचेच्या कापडाचे थर भरा. जोड त्या रुंद उतारावर चिकटतो, म्हणून टिकतो. घासताना रेस्पिरेटर लावाच. घट्ट झालेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो घासण्याआधी पाण्याने धुवा.

आणि भोकं! ती तशीच ठेवून बोल्ट बसवले तर हीच दुरुस्ती पुन्हा करावी लागेल. प्रत्येक भोक मोठं करा, घट्ट इपॉक्सीने भरा, मग त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं पाडा, म्हणजे बोल्टला लाकूड शिवतच नाही. भोकाच्या तोंडाला थोडी खोलगट कड द्या, ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट पट्टी) लावा, खालून बॅकिंग प्लेट (नटाखालचा जाड पत्रा) घाला आणि बोल्ट स्थिर धरून फक्त नट फिरवा. टेप हळूहळू पसरते, म्हणून काही दिवस रोज थोडं आवळा.

सगळ्या मऊ जागा सारख्याच तातडीच्या नसतात. कॉकपिटची, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या जागेची, फरशी एखादा हंगाम थांबेल. डोलकाठी डेकवर उभी असेल तर तिच्याखालची जागा आणि चेनप्लेटभोवतीची (डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या धातूच्या पट्टीला बांधतात तिच्याभोवतीची) जागा मात्र थांबत नाही. तिथे मऊ लागलं तर शिडं चढवू नका. आणि बोट अजून घेतली नसेल, डेक जवळजवळ सगळाच बसका वाजत असेल, तर ती सोडून द्या. त्याच किमतीत कोरड्या डेकची मिळते.

बाल्साऐवजी फोम का नाही, हेही विचारता. फोम कुजत नाही, घालायला हरकत नाही. पण आजूबाजूला बाल्सा आहे, आणि त्याच जाडीचा बाल्सा दाब जास्त सोसतो, म्हणून मी बाल्साच घातला. बोल्टखाली मात्र दोन्ही नकोत, तिथे भरीव इपॉक्सीच.