उदिनेत सिनेमा, फ्रिको आणि बंद दुकानं

"सिनेमेच बघायचे तर सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवाला जा ना," मित्र म्हणाला. पण आम्हाला आशियाई सिनेमांचा महोत्सव बघायचा होता, इटलीतल्याच उदिने शहरातला. आम्ही एप्रिल २०२४ मध्ये व्हेनिस-मेस्त्रेहून ईशान्येची गाडी पकडली आणि दोनेक तासांत उदिनेला उतरलो. रिजनल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड.

'फार ईस्ट फिल्म फेस्टिव्हल' इथे १९९९ पासून भरतो. पूर्व आणि आग्नेय आशियाचा सिनेमा, तोही धंदेवाईक: भुताचे, मारधाडीचे, रडवणारे. आपल्याकडचं काही शोधू नका. मुख्य खेळ तेआत्रो नुओव्हो या नाट्यगृहात होतात, बाराशेच्या आसपास खुर्च्या. सकाळी नऊला सुरू, मध्यरात्रीपर्यंत चालूच. इंग्रजी सबटायटल्स असतात, त्यामुळे अडत नाही. जपानी विनोदी सिनेमाला आधी जपानी पाहुणे हसायचे, मग वाचून झालं की आम्ही. माझ्या शेजारच्या इटालियन आजी दोन्ही वेळा हसायच्या. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून, मला कळलं ना याची खात्री करत.

बक्षीस प्रेक्षकांच्या मतांवर ठरतं, नाव 'सोनेरी तुती'. या फ्रियुली भागात एकेकाळी रेशीमकिडे पाळायचे, तुतीची झाडं सगळीकडे. त्या वर्षी जीवनगौरवाची तुती चिनी दिग्दर्शक झांग यीमोऊंना मिळाली.

दिवसाला तीनच सिनेमे ठेवा. आम्ही पहिल्या दिवशी पाच पाहिले, शेवटच्याचा शेवट अजून आठवत नाही. जुने सिनेमे 'विझिओनारिओ' या चित्रपटगृहात लागतात, चालत जाता येतं.

शाकाहाऱ्यांनी फ्रिको मागावा: बटाटा आणि मोन्तासिओ चीज तव्यावर खरपूस भाजलेलं, सोबत पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजाच. कडेचा कुरकुरीत भाग आधी संपवा, गार झाला की चिवट होतो. आत मांस घातलंय का, हे मात्र विचाराच.

२५ एप्रिल आणि १ मे या दोन्ही दिवशी इटलीत सुट्टी असते, दुकानं बंद, आणि महोत्सव नेमका त्याच सुमारास. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. पंचवीस तारखेचं रात्रीचं जेवण पिशवीतल्या बाकरवडीवर भागलं. आदल्या दिवशी दूध-पाव आणून ठेवा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत भेटीची वेळ मिळत नाही, तेव्हा जानेवारीतच हात घाला. आणि स्वेटर घ्या, शेवटचा खेळ सुटल्यावर रस्त्यात चांगलंच गारठतं.