आता काय खोलायचं?

तो शनिवार इंजिन सुरू करायचा होता, म्हणून वर्कशॉपमध्ये नेहमीपेक्षा गर्दी होती. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन पहिल्यांदा सुरू होणार म्हटलं की जुन्या ट्रॅक्टरचा नाद असलेल्या या मंडळींना कुठून वास लागतो कोण जाणे.

ट्रॅक्टर फर्ग्युसन टीई-२०, त्यातला टीईडी. म्हणजे पेट्रोलवर सुरू करायचा आणि चांगला तापला की रॉकेलसारख्या इंधनावर घ्यायचा. आला तेव्हा इंजिन जाम होतं. सायलेन्सर उभा, आणि त्याच्या तोंडावर कुणी साधा डबा उपडा घालायची तसदी घेतली नव्हती. पावसाचं पाणी उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये उतरलेलं, पिस्टन लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरून बसलेला. प्लग काढून डिझेल आणि पातळ तेल ओतलं, चौथा गिअर टाकला आणि महिनाभर रोज संध्याकाळी मागचं चाक धरून पुढे-मागे चार हिसके. चारच. अंगात आल्यासारखा जोर लावला की पिस्टनच्या रिंगा तुटतात. एका संध्याकाळी चाक केसभर पुढे गेलं. आवाज वगैरे काही नाही, फक्त हाताला कळलं. मग हेड उतरवलं आणि खरं काम सुरू झालं.

या दोन वर्षांत ट्रॅक्टरच्या मालकाने एकही शनिवार चुकवला नाही. निवृत्त हिशेबनीस. मी त्यांना काका म्हणतो. एप्रन घरून आणायचे, प्रत्येक नट घासून पुसून बरणीत टाकायचे आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवायचे. हिशेब जुळवल्यासारखं. मी धरून चाललो होतो की काकांना हा ट्रॅक्टर चालवायचाय. दुसरं काय असणार?

त्या दिवशी सगळ्यात आधी आला तो आमचा नंबरवाला. आल्या आल्या चष्मा कपाळावर सारून डॅशवरची नंबरची पट्टी वाचायला लागला. "पट्टी टीईडीची आणि मॅनिफोल्ड पेट्रोलचा? कुणीतरी बदललाय." इंजिनात हवा-इंधन नेणारा तो नळ बदललाच होता. वापरणाऱ्याला ट्रॅक्टर चालायला हवा होता, त्याला पट्टीशी काय देणंघेणं! पण नंबरवाल्याचा चेहरा असा, जणू घरात चोरी सापडली. एव्हरेस्टवाला हिलरी ४ जानेवारी १९५८ला फर्ग्युसन घेऊनच दक्षिण ध्रुवावर पोचला, हे तो दर भेटीत सांगतो. त्या दिवशीही सांगितलं.

रंगवाला बोनेटवर हात फिरवत होता. त्याला आरशासारखी चकाकी हवी असते. नंबरवाला म्हणाला, "कारखान्यातसुद्धा एवढा गुळगुळीत नव्हता." दोघांची तिथेच जुंपली. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर, आणि दोघांनाही ब्रश हातात देऊ नये.

एक जण सौदा बघणारा. त्याने विचारलं, असे किती बनले? १९४६ ते १९५६, पाच लाखांहून जास्त, मी म्हणालो. तो लगेच मोबाइलमध्ये बघायला लागला. आणि एक आवाजवाला, त्याला चार सिलिंडर म्हणजे शिलाई मशीन. त्याचं दैवत १९२१चा पहिला लान्झ बुलडॉग: एकच सिलिंडर, डोकं ब्लो लॅम्पने तापवायचं, आणि रिव्हर्स गिअर नाहीच, मागे जायचं तर इंजिनच उलटं फिरवायचं. एवढं वर्णन करून तो तोंडाने धडधड काढून दाखवतो. थांबवावं लागतं.

राहिला नांगरवाला. त्याला यातलं काही नको, ट्रॅक्टरने माती उलटली पाहिजे. नांगर जोडायच्या मागच्या लिंकला लटकून बघितलं आणि थेट इंजिन फिरवायच्या हँडलला हात घातला. अंगठा मुठीत घेतलेला. मी ओरडलोच. उलटा झटका आला तर अंगठा राहत नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. प्लग काढून ठेवून त्याच्याकडून वीस-पंचवीस फेरे मारून घेतले, तेल सगळीकडे पोचू दे म्हणून. प्रेशरचा काटा थरथरला, तेव्हा प्लग बसवले.

"काका, बसा." या ट्रॅक्टरला स्टार्टरचं वेगळं बटण नसतं, गिअरचा दांडाच 'एस'च्या खाचेत ढकलायचा. गिअरमध्ये असताना सुरूच होऊ शकत नाही, फार शहाणी सोय आहे. काका सीटजवळ आले आणि मागे सरकले. "तुम्हीच करा."

मला वाटलं, घाबरले.

दांडा ढकलला. दोन खोकले, पांढरा धूर, आणि मग चारही सिलिंडर लागले. सगळे एकदम बोलायला लागले. नांगरवाल्याने टाळी दिली, रंगवाला धुराने रंग काळवंडेल म्हणून सायलेन्सरकडे धावला, आवाजवाल्यानेसुद्धा मान हलवली. काका बरण्यांच्या फळीपाशी उभे होते. बरण्या रिकाम्या. एकेक उचलून चिठ्ठी वाचत होते.

दहा मिनिटांनी मी इंजिन बंद केलं. मंडळी पांगली. काका तिथेच. एप्रनची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"चालवून बघा की," मी म्हणालो.

"चालेल तो. तुम्ही केलाय म्हणजे चालेल." थोडं थांबून म्हणाले, "आता काय खोलायचं?"

मला एवढ्या दिवसांत हे दिसू नये! दोन वर्षं हा माणूस शनिवारसाठी येत होता, ट्रॅक्टरसाठी नाही. आणि मी घाई करून त्याचा शनिवार संपवला होता.

ते बोनेटपाशी गेले, कान लावला. इंजिन बंद, तरी कान लावला. "मघाशी तीन नंबरचा टॅपेट वाजत होता ना?"

वाजत नव्हता. व्हॉल्व्हवरचं झाकण, म्हणजे रॉकर कव्हर, बसवायच्या आधी टॅपेटची गॅप मी स्वतः लावली होती, दोनदा तपासून.

"वाजत होता थोडा," मी म्हणालो. "पण गार होऊ द्या आधी."

काकांनी एप्रन बांधला, फळीवरची एक बरणी उतरवली आणि नव्या चिठ्ठीवर लिहिलं: रॉकर कव्हर, नट.